स्विंग नाही हो, तुमचं उभं राहणं रोज बदलतंय

पत्र : नमस्कार सर. मी साताऱ्यात एमआयडीसीत छोटं टर्निंगचं वर्कशॉप चालवतो, वय ५२. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या मेव्हण्यानं गोल्फची गोडी लावली, त्याचा जुना सेटही मलाच दिला. घरी टेरेसवर नेट लावून मॅटवर रोज संध्याकाळी शंभर-दीडशे बॉल मारतो, तिथं दहातले आठ कडक बसतात. पण महिन्यातून दोनदा पुण्याला कोर्सवर गेलो की एक बॉल सरळ, दुसरा उजवीकडं झाडीत, तिसऱ्याला क्लब आधी मातीत घुसतो. रोज रात्री यूट्यूब बघून काहीतरी नवीन करून बघतो, चार दिवस बरं वाटतं, परत तेच. ग्लोव्हपण दोन महिन्यांत तळव्याच्या खालच्या बाजूला फाटतो, तो खर्च वेगळाच. मागचे लोक आमच्यासाठी थांबून राहतात, लाज वाटते. एकजण तोंडावर म्हणाला की या वयात स्विंग बसत नसतो. सोडून देऊ का?

उत्तर :

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. सोडू नका. जो माणूस दिवसभर मशीनवर उभा राहून संध्याकाळी परत दीडशे बॉल मारतो त्याला हा खेळ मनापासून आवडलाय, आणि ५२ हे काय वय आहे का, या खेळात सत्तरीतले लोक आठवड्यातून तीनदा अठरा होलांचा पूर्ण कोर्स चालतात आणि तरण्या पोरांना हरवतात. ज्यानं तुम्हाला ते ऐकवलं त्याला तुमचा स्विंग माहीत नाही आणि वयाचंही माहीत नाही, ते डोक्यातनं काढून टाका.

आता कामाचं. तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं आणि माझं लक्ष सारखं त्या ग्लोव्हपाशी अडकत होतं. तुम्ही तो खर्चाचा मुद्दा म्हणून लिहिलाय, पण खरी खूण तीच आहे. डाव्या हाताचा ग्लोव्ह करंगळीच्या खाली, तळव्याच्या त्या जाड गादीवर फाटतो म्हणजे क्लब तिथं घासतोय, आणि घासतोय म्हणजे तो बोटांत बसलेला नाही, तळव्यात बसलाय आणि प्रत्येक शॉटला थोडा थोडा फिरतोय. आता असं बघा, तुमच्या लेथवर जॉब चकमधे सैल पकडलाय आणि प्रत्येक पीसला तो जरासा हलतोय, तर तुम्ही स्पीड बदलाल का टूल बदलाल? दोन्ही नाही, तुम्ही मशीन बंद करून आधी चक बघाल. गोल्फमधे मात्र तुम्ही चक न बघता रोज रात्री नवीन टूल लावताय.

वर्कशॉपमधे तुमचा ऑपरेटर सेटिंग करतो, डायल लावून रन-आउट, म्हणजे जॉब फिरताना किती डुगडुगतो ते, बघतो, पहिला पीस मायक्रोमीटरनं मोजतो, तो पास झाल्याशिवाय लॉट चालू होत नाही. रिजेक्शन आलं तर आधी सेटिंग हललं का ते बघता. बॉल मारायला उभं राहताना यातलं काही तुम्ही करता का, खरं सांगा. बॉल ठेवला, क्लब घेतला, उभं राहिलो, मारला. म्हणजे प्रत्येक बॉलला सेटिंग नवीन, आणि दोष मात्र स्विंगला. माझ्या पाहण्यात बहुतेक हौशी खेळाडूंचा स्विंग रोज साधारण तसाच असतो हो, चांगला असो वाईट असो पण तसाच असतो, पकड आणि उभं राहणं रोज वेगळं असतं म्हणून बॉल रोज वेगळा जातो.

मी फौजेत असताना छावणीच्या कोर्सवर हा खेळ शिकलो, आणि तुमची आजची जी अवस्था आहे तीच माझी दोन वर्षं होती. एका कोर्सवरच्या कोचनं मला एका सकाळी सहा गोष्टी सांगितल्या, खांदा असा, कोपर तसं, मान हलवू नको, कंबर आधी, मनगट नंतर, नजर खाली, आणि वर नवीन ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा सगळ्यात मोठा क्लब, घ्यायला लावला. पगारातले पैसे गेले आणि बॉल आधीपेक्षा वाकडा जायला लागला. मग एक दिवस क्लबची बॅग उचलणाऱ्या एका म्हाताऱ्या कॅडीनं काय केलं, मी बॉल मारायला उभा राहिलो की तो गपचूप येऊन त्याच्या काठीनं माझ्या बुटांच्या टोकांशी दोन रेघा मारायचा आणि बॉलच्या जागी एक टिंब. दहा बॉल झाल्यावर मला मागं बोलावलं आणि म्हणाला, देखो साहब. दहा ठिकाणी दहा वेगळी चित्रं होती. कुठं टिंब डाव्या टाचेसमोर, कुठं बरोबर मधोमध, कुठं दोन्ही रेघा तिरक्या. मी शप्पथ घेऊन सांगितलं असतं की मी दहाही वेळा एकसारखा उभा होतो.

उभं राहण्यातली एवढी चूक बॉल का माफ करत नाही ते सांगतो. क्लबचा तोंडवळा, म्हणजे क्लबफेस, बॉलला लागतो तो वेळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्या वेळात तो जिकडं तोंड करून आहे साधारण तिकडंच बॉल निघतो, आणि क्लब ज्या वाटेनं आला ती वाट आणि फेस यांच्यात फरक असेल तेवढा बॉल पुढं वळतो. फेस नुसता एक डिग्री उघडा, म्हणजे उजवीकडं वळलेला, राहिला तरी १५० यार्डांवर बॉल अडीच यार्डांच्या वर बाजूला जातो, पाच डिग्री राहिला तर १३ यार्ड, म्हणजे तुमची झाडी आलीच. आणि पाच डिग्री म्हणजे पकडीत क्लब किती फिरायला हवा, फार नाही, एखादा मिलिमीटर. वरून खाली क्लब यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात डोक्यानं चूक ओळखून हाताला कळवायचं आणि हातानं ती दुरुस्त करायची, हे माणसाला जमत नाही, चांगल्या चांगल्यांनाही नाही. जे ठरायचं ते बॉलवर उभं राहतानाच ठरलेलं असतं.

तर पहिलं काम पकड. घरात फरशीची सरळ रेघ बघा, सेव्हन आयर्नची (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबची) खालची कड त्या रेघेला काटकोनात टेकवा, आधी क्लब सरळ आणि मग हात, आपण उलटं करतो, आधी हात आवळतो आणि मग क्लब फिरवून सरळ करतो. डाव्या हाताच्या बोटांवर क्लब तिरका ठेवा, तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत, आणि मग वरून ती जाड गादी त्याच्यावर टेकवा. वरून बघितलं की डाव्या हाताचे दोन सांधे दिसले पाहिजेत, अंगठा आणि तर्जनीमधली जी खाच आहे ती उजव्या खांद्याकडं बोट दाखवणारी पाहिजे. बरोबर पकडलंय का याची खात्री अशी करा, फक्त तर्जनी आणि ती गादी, एवढ्या दोन जागांवर क्लब तोलून बघा, तोलला तर तो बोटांत आहे, घसरला तर तळव्यात आहे. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर चढवायची का तिच्यात अडकवायची यावर भांडत बसू नका, दोन्ही चालतात, टायगर वूड्स आणि जॅक निकलस दोघंही अडकवतात आणि बाकीचे बरेचसे चढवतात. टीव्ही बघताना रोज दहा मिनिटं नुसतं पकडायचं, सोडायचं, परत पकडायचं, बॉल नको. पहिले आठ दिवस हात परका वाटेल आणि बॉल आधीपेक्षा वाईट जाईल, तेव्हा घाबरून मागं फिरू नका एवढी विनंती आहे.

आणि मेव्हण्याच्या त्या जुन्या सेटचे ग्रिप बघा. रबर जुनं झालं की कडक आणि गुळगुळीत होतं, मग हाताला तो निसटतोय असं वाटतं म्हणून आपण आवळून धरतो, आवळला की मनगट आणि खांदे ताठ होतात, ताठ झालं की फेस वेळेवर बंद होत नाही आणि बॉल उजवीकडं. एवढी मोठी साखळी एका वाळलेल्या रबरापासून सुरू होते. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासून बघा, तरी चिकटपणा आला नाही तर पुण्यात जाताना सगळे ग्रिप बदलून घ्या. नवीन ड्रायव्हरच्या मानानं तो खर्च काहीच नाही, आणि फायदा मात्र प्रत्येक शॉटला.

आता टेरेसवरची मॅट. तुमची तिथली मेहनत वाया गेली असं मी म्हणत नाही, पण मॅट तुम्हाला खरं सांगत नाहीये. क्लब बॉलच्या दोन इंच मागं पडला तरी मॅटवरून तो घसरत पुढं येतो आणि बॉलला बऱ्यापैकी लागतो, आवाजही छान येतो, नेट असल्यामुळं बॉल पुढं कुठं गेला असता तेही दिसत नाही. तुमच्या दहातल्या आठ कडक शॉटमधे किती असे असतील कुणास ठाऊक. तोच स्विंग गवतावर केला की क्लब मातीत घुसतो आणि तुम्हाला वाटतं आज आपलं बिघडलं. बिघडलेलं टेरेसवरही होतंच, तिथं झाकलं गेलं.

यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. कबड्डी-खोखोच्या मैदानावर मारतात ती फक्की आणा. वर्कशॉपच्या मागं किंवा गावाकडं वावरात मऊ जागा बघा, नाहीतर चार पाट्या रेती पसरा, मुरमावर अजिबात करू नका, मनगटाला झटका बसेल आणि क्लबच्या तळाला चरे पडतील. फक्कीची दहा फूट सरळ रेघ मारा. रेघ दोन्ही पायांच्या मधे येईल असं उभं राहा आणि बॉल न ठेवता सेव्हन आयर्नचा निम्मा स्विंग करा, क्लब जमिनीला कुठं लागला ते बघा, मग एक पाऊल पुढं सरकून परत, असं रेघेच्या शेवटपर्यंत. क्लबची खूण रेघेवर सुरू होऊन टार्गेटच्या बाजूला गेली पाहिजे. बॉल रेघेवर आहे असं समजा, चांगला खेळाडू आयर्न मारतो तेव्हा क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या तीन-चार इंच पुढं असतो, आधी बॉल आणि मग माती. तुमची खूण रेघेच्या मागं सुरू होत असेल तर वजन उजव्या पायावर अडकून राहतंय, सुरुवातीलाच डाव्या पायावर थोडं जास्त वजन ठेवून बघा आणि शेवटी बेल्टचं बकल टार्गेटकडं वळलंय का, उजवी टाच उचललीय का ते बघा. पहिल्या दिवशी खुणा विखुरलेल्या दिसतील, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांच्या तशाच असतात. निम्म्या स्विंगला दहातल्या सात खुणा जागेवर यायला लागल्या की मग पाऊण, आणि पूर्ण स्विंगची घाई नको.

बॉल कुठं ठेवायचा यातही रोज दोन-दोन इंच हलतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण डाव्या पायाचा पंजा थोडा बाहेर वळवला की वरून बॉल मागं सरकल्यासारखा दिसतो. म्हणून पंजा बघून ठरवू नका, दोन्ही पाय जुळवून बॉलसमोर उभं राहा, मग डावा पाय छोटं पाऊल डावीकडं आणि उजवा त्यापेक्षा जरा मोठं पाऊल उजवीकडं. सेव्हन आयर्नला बॉल मधोमध किंवा केसभर पुढं येतो. ड्रायव्हरला डावा पाय जवळजवळ जागेवरच राहतो आणि उजवाच लांब जातो, बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर. बॉल फार पुढं गेला की खांदे आपोआप डावीकडं उघडतात आणि क्लब बाहेरून आत येतो, आणि तुमचा उजवीकडं वळणारा बॉल मला तरी यातलाच वाटतो. नेम धरताना दीडशे यार्डांवरच्या झेंड्याकडं बघून पाय लावू नका, बॉलच्या मागं उभं राहून झेंड्याच्या रेषेत बॉलपुढं हातभर अंतरावर एखादं पान, काडी, जुना डिव्हॉट (क्लबनं उडालेल्या मातीचा खड्डा) शोधा आणि क्लबफेस त्याला लावा. निकलस हेच करायचा आणि १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकला. तो दरवर्षी सीझन सुरू होताना त्याच्या लहानपणच्या कोचकडं, जॅक ग्राउटकडं जाऊन पकड आणि उभं राहण्यापासून पहिल्यासारखं शिकायला सुरुवात करायचा.

आता लय. चांगल्या खेळाडूंचं मोजून बघितलंय, क्लब मागं न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो खाली येऊन बॉलला लागतो, तीनास एक. हौशी माणूस मागं न्यायलाच घाई करतो आणि वर पोचायच्या आत खाली ओढतो. यासाठी मी वर्षानुवर्षं एक शब्द वापरतो आणि साताऱ्याच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. अजिंक्यतारा. पाचही अक्षरं एका ठेक्यात म्हणायची, अ ला क्लब हलला, जिं, क्य, ता ला तो वर पोचला, आणि रा ला बॉल. मोजून बघा, अ पासून ता पर्यंत तीन ठेके आणि ता पासून रा पर्यंत एक, बरोबर तीनास एक. मनातल्या मनात म्हणा, ड्रायव्हरलाही तोच ठेका आणि जवळून मारायच्या वेजलाही तोच. आणि रा झाल्यावर तोल सांभाळून बॉल खाली पडेपर्यंत तसंच उभं राहा, तोल जात असेल तर जोर जास्त झालाय.

यूट्यूबबद्दल. तिथले सगळे खोटं सांगत नाहीत, पण तो सल्ला तुमचा स्विंग बघून दिलेला नसतो. अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा स्विंग कधी बघा, क्लब वर जाताना एकीकडं आणि खाली येताना भलतीकडनं, असा वळसा घेतो की कुठल्याच पुस्तकात बसणार नाही, पण तो गडी २००३ ची यूएस ओपन जिंकला आणि २०१६ मधे पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, एका राउंडचे अठरा होल फक्त ५८ फटक्यांत संपवले. वळसा वाकडा होता, पण रोज तोच होता. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आठवा, २०२३ ला बर्लिनमधे १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, फायनलला १५० पैकी १४९. तिरंदाज दोरी ओढल्यावर हात जबड्याच्या ठराविक जागी आणि दोरी नाकाच्या ठराविक जागी टेकल्याशिवाय बाण सोडत नाही, प्रत्येक बाणाला. त्या पोरांचा सराव बघितला तर बाण सोडण्याआधीच्या त्या टेकवण्यावर किती जीव लावतात ते दिसतं. तुम्ही महिनाभर व्हिडिओ बंद ठेवा, एवढंच सांगतो. फोन वापरायचाच असेल तर समोरून स्वतःचं उभं राहणं शूट करा आणि कालच्याशी ताडून बघा.

सरावाचं म्हणाल तर दीडशे बॉल फार झाले, तेही एकाच क्लबनं एकाच नेटमधे. शेवटच्या पन्नासात अंग थकलेलं असतं आणि पकड सुटलेली असते, म्हणजे आपण चूकच घोटवतो. चाळीस मारा. आणि प्रत्येक बॉलला क्लब बदला, नेटवर वेगळी खूण धरा, मागं जाऊन परत चालत या, पकड नव्यानं, पाय नव्यानं. हे चिडचिडं वाटतं आणि दहातले आठ कडक बसणार नाहीत, कदाचित पाचच बसतील, पण कोर्सवर असंच असतं, तिथं लागोपाठ दोन सारखे शॉट येतच नाहीत.

अजून एक, जे पत्रात नाही पण मला अंदाज आहे. पहाटे साताऱ्यातनं निघता, खंबाटकी, टोल, कात्रजची गर्दी, दोन-अडीच तास गाडीत बसून कंबर आखडलेली, आणि उतरल्या उतरल्या पहिल्या टीवर, म्हणजे पहिला बॉल मारायच्या जागी, ड्रायव्हर. कंबर वळत नाही म्हणून हातच सगळं काम करतात. अर्धा तास आधी पोचा, दहा मिनिटं नुसतं चाला, दोन क्लब एकत्र धरून हळू झुलवा, थोडं पटिंग करा, आणि पहिल्या टीवर ड्रायव्हर न काढता ज्यावर भरवसा आहे तो आयर्न काढा. मागचे लोक थांबलेत असं वाटलं तर सरळ त्यांना पुढं जाऊ द्या, ही या खेळातली जुनी रीत आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि पीजीए टूरवरचे जगातले सगळ्यात भारी खेळाडूसुद्धा ड्रायव्हरनं दहातले साधारण सहाच बॉल फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, ठेवतात, तेव्हा एक बॉल झाडीत गेला म्हणून त्या रात्री नवीन स्विंग शोधायला बसू नका.

पंधरा दिवसांनी मला दोन फोटो पाठवा, बॉल कुठं गेला ते नको. एक ग्लोव्हच्या तळव्याचा, आणि एक फक्कीच्या रेघेचा, वरून काढलेला, सगळ्या खुणा दिसतील असा.